दोन सागरांची भेट आणि काशीचे उत्तर

दिल्लीतील औरंगजेब मार्गाला २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव देण्यात आले. त्यानंतर दोन वर्षांनी डलहौसी मार्गाचे दारा शुकोह मार्ग असे नामांतर झाले आणि २०२० च्या जानेवारीत केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाने दाराची कबर शोधून काढण्यासाठी पुरातत्त्व खात्यातील जाणकारांची एक समिती नेमली. हुमायूनच्या मकबऱ्याच्या आवारात शंभराहून अधिक कबरी आहेत. त्यांतील बहुतेकांवर मृताचे नाव कोरलेले नाही. शहाजहानचा थोरला मुलगा, मोगल सिंहासनाचा नियोजित वारस, त्यांपैकी नेमक्या कोणत्या दगडाखाली विसावला आहे हा प्रश्न साडेतीन शतकांनंतर शासनाला पडावा, हे स्वागतार्हच आहे.

परंतु रस्त्याला नाव देणे सोपे असते. ज्याचे नाव दिले त्याचा ग्रंथ वाचणे तितके सोपे नसते. दाराविषयी सध्या जे बोलले जाते त्यात दोन सूर प्रामुख्याने ऐकू येतात. एका सुरात तो औरंगजेबाचा प्रतिपक्ष म्हणून आणि म्हणून जवळजवळ हिंदूच होता अशा थाटात गौरविला जातो. दुसऱ्या सुरात तो गंगा-जमुनी संस्कृतीचा मानबिंदू ठरतो आणि त्याचा मृत्यू हा केवळ गादीसाठीच्या भाऊबंदकीचा परिणाम होता असे सांगून विषय आटोपता घेतला जातो. या दोन्ही सुरांत दाराने प्रत्यक्षात काय लिहिले याचा पत्ता नसतो. हिंदू अध्यात्माचा अन्य धर्मांशी संबंध काय, या प्रश्नावर मध्ययुगीन भारतात एका मुसलमान राजपुत्राने जितका कष्टपूर्वक विचार केला तितका फार थोड्यांनी केला असेल. त्या विचाराची थोरवी आणि त्याची मर्यादा, दोन्ही नीट पाहण्याजोग्या आहेत.

दाराचा जन्म १६१५ साली अजमेरचा. तारुण्यातच तो कादिरी संप्रदायाकडे ओढला गेला. लाहोरचे मियाँ मीर आणि त्यांचे शिष्य मुल्ला शाह बदख्शी यांच्याविषयी त्याची श्रद्धा अखेरपर्यंत अढळ राहिली. इब्न अरबीच्या परंपरेतील 'वहदत-उल-वुजूद' म्हणजे अस्तित्वाच्या एकत्वाचा सिद्धान्त हा त्याच्या चिंतनाचा पाया. सूफी संतांची चरित्रे लिहिणारा हा तरुण हिंदू शास्त्रांकडे वळला तो राजकीय सोयीपोटी नव्हे. एकत्वाचा जो अनुभव सूफी सांगतात तोच हिंदूंचे ज्ञानी पुरुष सांगतात की काय, ही त्याची जिज्ञासा होती. १६५३ साली कंदाहारच्या मोहिमेत सपशेल अपयश घेऊन तो लाहोरला परतला. पराभूत सेनापतीला त्या वेळी सुचले काय, तर बाबा लाल या वैरागी साधूला बोलावून त्याच्याशी अनेक बैठका करणे! त्या संवादाच्या फारसी नोंदी चंद्रभान ब्राह्मण या मुन्शीच्या नावाशी जोडल्या जातात आणि त्या आजही उपलब्ध आहेत.

१६५५ मध्ये त्याने 'मजमा-उल-बहरैन' म्हणजे 'दोन सागरांचा संगम' हा छोटासा ग्रंथ लिहिला. त्याच सुमारास त्याच्या आज्ञेने योगवासिष्ठाचा नवा फारसी अनुवाद सिद्ध झाला. आणि १६५७ साली काशीचे पंडित व संन्यासी दिल्लीत आणवून यमुनातीरावरील निगमबोध येथील आपल्या वाड्यात त्याने ५० उपनिषदे (मोजण्याच्या दुसऱ्या पद्धतीने ५२) फारसीत आणली. सहा महिने हे काम चालले. ग्रंथाचे नाव 'सिर्र-ए-अकबर', म्हणजे 'महान रहस्य'. उन्हाळ्यात ग्रंथ पुरा झाला आणि सप्टेंबरात शहाजहान अंथरुणाला खिळला. पुढे जे घडले ते सर्वज्ञात आहे. १६५८ च्या मे महिन्यात सामूगढ, १६५९ च्या मार्चमध्ये देवराई, मग सिंधच्या वाटेवर ज्याला एकदा जीवदान दिले होते त्या मलिक जीवनकडून झालेला विश्वासघात, दिल्लीच्या रस्त्यांतून हत्तीवरून काढलेली धिंड आणि १६५९ च्याच पावसाळ्यात शिरच्छेद. धिंड पाहताना दिल्लीकर रडत होते, असे फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए याने प्रत्यक्ष पाहून लिहिले आहे.

गादीचे भांडण होते हे खरेच. गादीसाठी औरंगजेबाने मुरादलाही सोडले नाही, आणि मुरादवर उपनिषदे वाचल्याचा आरोप कोणी केला नव्हता. पण दाराला मारताना जे कारण जगाला सांगितले गेले ते धर्मद्रोहाचे होते, हे दृष्टिआड करून चालत नाही. तो ब्राह्मण, जोगी, संन्यासी यांच्या संगतीत राहतो, वेदांना ईश्वरी ग्रंथ मानतो, अंगठीवर नागरी लिपीत 'प्रभु' हा शब्द कोरून घेतो. दरबारी इतिहासात नोंदलेले आरोप हे आहेत. मथुरेच्या केशवदेव मंदिराला दाराने दिलेला दगडी कठडा १६६६ साली औरंगजेबाच्या हुकुमाने उखडला गेला. मेलेल्या भावाचा कठडा गादीवर हक्क सांगत नव्हता. तो कठडा एका विचाराची खूण होता आणि ती खूण सम्राटाला सहन होत नव्हती. चार वर्षांनी मंदिरही गेले.

आता दाराच्या विचाराकडे वळावे. 'सिर्र-ए-अकबर'च्या प्रस्तावनेत त्याने एक धाडसी विधान केले आहे. कुराणात एका गुप्त, सुरक्षित ग्रंथाचा उल्लेख येतो. शुद्ध झालेल्यांवाचून त्याला कोणी स्पर्श करू शकत नाही असे तेथे म्हटले आहे. भाष्यकारांनी त्याचे नाना अर्थ लावले. दाराने सांगितले की हा गुप्त ग्रंथ म्हणजे उपनिषदेच होत. एकत्वज्ञानाचा हा मूळ झरा आणि कुराणाचा अर्थ उलगडण्याची किल्ली येथे आहे. ज्या काळात मोगल साम्राज्याच्या उलेमांमध्ये शेख अहमद सरहिंदींच्या विचारांचा दबदबा होता, त्या काळात हे लिहिणे म्हणजे स्वतःच्या मृत्युपत्रावर सही करण्यासारखे होते.

मात्र या विधानाची रचना बारकाईने पाहिली पाहिजे. उपनिषदे थोर का? तर कुराणात त्यांचा संकेत आहे म्हणून. दाराच्या मनातील अखेरचे प्रमाण कुराण हेच होते आणि तो शेवटपर्यंत मुसलमान म्हणूनच लिहीत होता. त्याला ओढूनताणून हिंदू ठरविणाऱ्या उत्साही मंडळींनी हे लक्षात घ्यावे. खरे तर त्याचे मोल यामुळे कमी न होता वाढते. स्वतःच्या श्रद्धेत उभा राहून दुसऱ्याच्या शास्त्रासमोर विद्यार्थी म्हणून बसलेला मनुष्य हा श्रद्धा बदलून आलेल्यापेक्षा अधिक दुर्मिळ असतो.

'मजमा-उल-बहरैन'मध्ये त्याने दोन्ही परंपरांतील संज्ञांच्या जोड्या लावल्या आहेत. हिंदूंच्या जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्या या चार अवस्थांना त्याने सूफींच्या नासूत, मलकूत, जबरूत आणि लाहूत या चार लोकांच्या शेजारी बसविले. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या मराठी मनाला तुर्या म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही, आणि सूफी साधकाचा लाहूत त्या भूमीच्या जवळपासचा आहे हे मान्य होण्यासारखे आहे. प्राणायाम आणि सूफींचा श्वासनिरोध, अनाहत नाद आणि त्यांचा सर्वश्रेष्ठ जप, जीवन्मुक्त आणि वली यांच्या जोड्याही बऱ्याच अंशी पटतात. साधनेच्या पातळीवर भेटी होतात. श्वास, नाद, मौन यांना भाषा नसते.

तत्त्वाच्या पातळीवर मात्र दाराची लेखणी घसरते. ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणजे जिब्राईल, मिकाईल आणि इस्राफील हे तीन देवदूत, असे तो म्हणतो. त्याहून मोठा घोटाळा मायेचा. चिदाकाशातून प्रथम जे प्रकटले ते प्रेम, सूफींचे इश्क, आणि हिंदूंमधील एकेश्वरवादी त्यालाच माया म्हणतात असा त्याचा निर्वाळा आहे. शांकर वेदान्ताच्या विद्यार्थ्याने हे वाक्य वाचून कपाळाला हात लावावा! ज्या मायेच्या निरासासाठी आचार्यांनी आयुष्य वेचले ती येथे सृष्टीची प्रेमळ जननी होऊन बसली. भक्तीच्या किंवा शाक्त परंपरेच्या अंगाने या अर्थाला थोडा आधार शोधता येईल. परंतु दारासमोर शांकरभाष्य होते, उपनिषदांच्या अनुवादात त्याने ते भाष्य ठिकठिकाणी मिसळून घेतले आहे. समजले नाही म्हणून हे झालेले नाही. दोन्ही सागर एकच असले पाहिजेत असे आधी ठरवून टाकले की किनारे जुळवावेच लागतात, म्हणून ते झाले.

सर्वधर्मसमभावाच्या आजच्या व्यासपीठांवर हाच दोष दाराच्या विद्वत्तेवाचून आढळतो. ऋग्वेदातील ते सुप्रसिद्ध वचन उच्चारायचे, सर्व नद्या एकाच समुद्राला मिळतात असे सांगायचे, शाली-श्रीफळ घ्यायचे आणि घरी जायचे. ईश्वर एक आहे असे मानणाऱ्या दोघांच्या मनातील ईश्वर एकच असतो का; सृष्टीचा निर्माता तिच्याहून वेगळा आहे की तीच त्याचे रूप आहे; मनुष्याला एकच जन्म मिळतो की अनेक; मुक्ती ही कृपा आहे की ज्ञान, हे प्रश्न त्या सभांत निघत नाहीत. निघाले तर सौहार्द बिघडेल अशी भीती वाटते. ज्या सौहार्दाला एका प्रश्नाचा भार पेलत नाही त्याची किंमत काय करावी?

दाराच्या काळात या प्रश्नाला दुसरी एक बाजू उभी होती आणि ती काशीत होती. तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या काशीवर दक्षिणी विद्वानांचा मोठा प्रभाव होता. पैठणहून गेलेल्या भट्ट घराण्यातील नारायण भट्टांच्या प्रेरणेने सोळाव्या शतकात विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे राहिले होते. त्याच घराण्यातील गागाभट्टांनी पुढे १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला. या दोन टोकांच्या मध्ये, शहाजहानच्या काळात, काशीच्या पंडितसभेचे नेतृत्व करीत होते ते कवींद्राचार्य सरस्वती. हेही मूळचे गोदातीरचे, ऋग्वेदी आश्वलायन ब्राह्मण. लहानपणी वैराग्य घेऊन संन्यासी झालेले.

काशी आणि प्रयाग येथे जाणाऱ्या यात्रेकरूंवर मोगल सत्तेने कर बसविला होता. कवींद्राचार्य शिष्टमंडळ घेऊन दरबारात गेले आणि शहाजहानसमोर त्यांनी अशी बाजू मांडली की बादशहाने तो कर उठविला. त्यांना 'सर्वविद्यानिधान' ही पदवी आणि दोन हजार रुपयांचे वेतन मिळाले. देशभरच्या विद्वानांनी त्यांच्यावर स्तुतिश्लोक रचले. त्या श्लोकांचा 'कवींद्रचंद्रोदय' हा संग्रह १९३९ साली पुण्याहून प्रसिद्ध झाला आहे. शस्त्राच्या बळावाचून, केवळ विद्येच्या आणि चारित्र्याच्या बळावर परधर्मी सत्तेकडून हिंदूंचा न्याय्य हक्क मिळविणारा हा संन्यासी महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत सहसा भेटत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

औरंगजेब गादीवर येताच हे वेतन बंद झाले. त्या काळात दिल्लीतील दानिशमंद खान या विद्याप्रेमी सरदाराकडे एक श्रेष्ठ हिंदू पंडित येत असे आणि त्या सरदाराच्या पदरी असलेल्या बर्निएशी त्याच्या चर्चा होत. बर्निएने त्याचे नाव दिलेले नाही. पण तो पंडित कवींद्राचार्यच होता असे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी पुराव्यांची जुळणी करून मांडले. कमरेला पांढरे रेशमी वस्त्र, खांद्यावर तांबडे रेशमी उपरणे, धट्टीकट्टी देहयष्टी असे त्याचे वर्णन बर्निए करतो. पुढे बर्निए काशीला गेला तेव्हा या पंडिताने त्याला पोथ्यांनी भरलेल्या ग्रंथालयात नेले आणि आणखी सहा थोर पंडितांना बोलावून घेतले. बर्निएने संधी साधून मूर्तिपूजेचा प्रश्न टाकला. पंडित चिडले नाहीत. मूर्ती ही स्वतः देव आहे असे आम्ही मानीत नाही. ती त्याची प्रतिमा आहे, तिच्या द्वारे पूजा त्याचीच होते आणि समोर काही असले म्हणजे मन स्थिर राहते, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. शांतपणे, मुद्देसूद, समोरच्याच्या भाषेत.

याहून महत्त्वाचे असे आणखी एक उत्तर बर्निएने नोंदविले आहे. ख्रिस्ती धर्म हा साऱ्या पृथ्वीसाठी आहे हे ब्राह्मणांना पटवून देण्याचा तो प्रयत्न करी. ते म्हणत, आमचा धर्म सर्वांसाठी आहे असा आमचा दावा नाही, तो आमच्यासाठी आहे. तुमचा धर्म खोटा आहे असेही आम्ही म्हणत नाही. तो तुमच्यासाठी चांगला असेल. ईश्वराने स्वर्गाच्या अनेक वाटा केल्या असतील. पण तुमचीच वाट साऱ्या जगाने धरावी हे आम्हाला मान्य नाही. बर्निएला या उत्तराने मोठी अडचण झाली, हे त्याच्या लिहिण्यावरूनच दिसते. खंडन करायला समोर विरोधकच उभा राहात नव्हता आणि शरणही येत नव्हता.

दाराचा मार्ग आणि काशीच्या पंडितांचा मार्ग यांतील अंतर येथे स्पष्ट होते. दाराला दोन्ही सागर एक करायचे होते. पंडितांना तशी गरज भासली नाही. दुसऱ्याचा ग्रंथ माझ्या ग्रंथात सांगितलेला असला पाहिजे, तरच तो खरा, ही अट त्यांनी घातली नाही. दुसरा दुसरा राहूनही खरा असू शकतो. हिंदू जीवनदृष्टीचे वैशिष्ट्य कोणते असे विचारले तर ऋग्वेदाचे वचन पाठ म्हणण्यापेक्षा बर्निएला मिळालेले हे उत्तर दाखवावे. त्यात उदारता आहे आणि त्याच दमात नकारही आहे; सर्व मार्गांना मान आणि एकाच मार्गाच्या मक्तेदारीला स्पष्ट विरोध. सर्वधर्मसमभावाचा उद्घोष करणारे यातील पहिला भाग घेतात आणि दुसरा सोयीस्करपणे गाळतात.

हा दुसरा भाग आजही जिवंत प्रश्न आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हिंदू धर्मातील चिंतनाविषयी आणि साधनेविषयी आदराचे शब्द काढले, त्याचे सर्वत्र स्वागत झाले आणि ते योग्यच होते. मात्र १९९९ च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्याच दिवसांत, पोप दुसरे जॉन पॉल दिल्लीत आले आणि तिसऱ्या सहस्रकात आशिया खंडात श्रद्धेचे मोठे पीक हाती यावे अशी आशा त्यांनी प्रकट केली. पुढच्याच वर्षी रोमहून निघालेल्या घोषणापत्राने ख्रिस्त हाच एकमेव तारक असल्याचे पुन्हा निक्षून सांगितले. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ते प्रामाणिकच आहे. प्रामाणिकपणाबद्दल तक्रार नाही. परंतु एका हाताने संवादाचे आमंत्रण आणि दुसऱ्या हाताने पिकाची मोजदाद असे चालते तेव्हा ओडिशाच्या किंवा डांगच्या वनवासी पाड्यावरील माणसाने त्यातील कोणता हात खरा मानायचा? याउलट २००७ साली दिल्लीत हिंदू धर्माचार्य आणि इस्रायलचे प्रमुख रब्बी यांची जी परिषद झाली तिच्यात दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या ईश्वरकल्पनेचा आदराने स्वीकार केला. मूर्तिपूजेचा मुद्दा यहुदी परंपरेत अत्यंत नाजूक. तरीही तो बैठकीत आला आणि त्याची चर्चा झाली. दोन्ही बाजूंना दुसऱ्याच्या घरातील माणसे आपल्या घरात आणायची नव्हती म्हणून ते जमले.

येथवर काशीच्या पंडितांचे कौतुक झाले. आता त्यांच्या पदरातील उणेही मोजले पाहिजे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून सरसपणे मांडायचे आणि मग त्याचे उत्तर द्यायचे, ही पूर्वपक्षाची परंपरा भारताने निर्माण केली. बौद्धांचे, जैनांचे, सांख्यांचे म्हणणे आचार्यांनी असेच मांडले. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रह' लिहिला, त्यात चार्वाकापासून शांकर वेदान्तापर्यंत १६ दर्शने आहेत. इस्लाम त्यात नाही. तोवर दिल्लीत सुलतानांची राजवट येऊन शतक उलटले होते, देवगिरी पडले होते आणि हा ग्रंथ विजयनगरच्या छायेत रचला जात होता. दाराने उपनिषदे फारसीत नेली. त्याच्या 'मजमा-उल-बहरैन'चे 'समुद्रसंगम' हे संस्कृत रूपही झाले. पण त्याला उत्तर म्हणून कुराणाचा पूर्वपक्ष संस्कृतात मांडण्याची, तौहीद आणि अद्वैत यांतील साम्यभेद शास्त्राच्या शिस्तीने तपासण्याची परंपरा पंडितसभांत रुजली नाही. ज्यांच्याशी रोज गाठ पडते त्यांचे शास्त्र वाचायचे नाही, हा सोवळेपणा महाग पडला. १६६९ साली विश्वेश्वराचे मंदिर पाडण्यात आले तेव्हा काशीत उपनिषदे जाणणारे पुष्कळ होते. पाडणाऱ्याच्या मनात काय चालले आहे हे त्याच्या ग्रंथांतून जाणणारे किती होते?

पंडितांनी जे केले नाही त्याचा काही अंश संतांनी प्राकृतात केला. पैठणच्या नाथांचे 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड शिवीगाळीने सुरू होते, दोघेही एकमेकांच्या आचारांतील व्यंगे निर्भीडपणे काढतात आणि मग समेटाला येतात. भांडण आधी, आलिंगन नंतर, हा क्रम नाथांनी राखला आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठी ओवीत लिहिला आणि वारकऱ्यांनी त्यांना संतमंडळीत बसविले. विसाव्या शतकात विनोबांनी अरबी शिकून कुराणाचे सार काढले. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने मराठी वाचकाच्या हाती दिली आणि सूफी संप्रदायावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ही नावे मोजकीच आहेत. आजच्या महाराष्ट्रात हिंदुत्वाचा अभिमान बाळगणाऱ्या तरुणांपैकी अरबी-फारसीचा रीतसर अभ्यास करणारे किती निघतील, आणि उपनिषदे मुळातून वाचलेले तरी किती निघतील, याची चौकशी हिंदू संघटनांनी स्वतःच करावी. मोगल शहजाद्याला ५० उपनिषदे समजून घ्यावीशी वाटली. ज्यांच्या घरची ती ठेव आहे त्यांना दहा मुख्य उपनिषदांची नावेही ओळीने सांगता येऊ नयेत, याला परकीय आक्रमण जबाबदार धरता येणार नाही.

दाराच्या अनुवादाचे पुढे जे झाले ते तर कादंबरीत शोभण्यासारखे आहे. अयोध्येच्या नबाबाच्या दरबारातील जांतील या फ्रेंच अधिकाऱ्याने १७७५ साली 'सिर्र-ए-अकबर'ची एक प्रत पॅरिसला आंकेतील-द्युपेराँ या विद्वानाकडे पाठविली. राज्यक्रांती, टंचाई, एकांतवास यांतून वाट काढीत त्याने ती लॅटिनमध्ये उतरविली आणि १८०१-०२ मध्ये 'औपनेखत' या विचित्र नावाने तिचे दोन खंड बाहेर पडले. उपनिषद या शब्दाने फारसीतून जाताना घेतलेले हे रूप. संस्कृतातून फारसी, फारसीतून लॅटिन, असा दुहेरी अडखळत गेलेला हा मजकूर १८१४ मध्ये शोपेनहॉवरच्या हाती पडला आणि तो अखेरपर्यंत त्याच्या उशाशी राहिला; या वाचनाने आपले जीवन सुखावले आणि मरणही सुखावेल अशी कबुली त्याने दिली आहे. त्याच्या विचारांचा वारसा सांगणारे पाउल दॉयसन पुढे मूळ संस्कृताकडे वळले. स्वामी विवेकानंद १८९६ साली जर्मनीत कील येथे त्यांना भेटले, आणि १८९७ साली दॉयसन यांचा ६० उपनिषदांचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध झाला.

त्या अनुवादाच्या वेळी दॉयसन यांना एक अडचण आली. दाराच्या संग्रहातील काही छोट्या उपनिषदांच्या संस्कृत संहिता कोठे मिळेनात. बाष्कल, छागलेय, आर्षेय, शौनक ही त्यांतली. भारतातल्या पोथ्यांत त्यांचा माग लागत नव्हता. होते ते फक्त फारसी आणि तिच्यावरून आलेले लॅटिन. दॉयसन यांनी लॅटिनवरूनच ती जर्मनमध्ये आणली. म्हणजे काही काळ वेदान्ताची ही चार पाने जगाला उपलब्ध होती ती धर्मद्रोहाच्या आरोपाखाली मारल्या गेलेल्या एका मुसलमान राजपुत्रामुळे. पुढे मद्रासजवळच्या अड्यार ग्रंथालयातील एका हस्तलिखितात या चारही उपनिषदांचा मूळ संस्कृत पाठ सापडला. तो संपादित करून १९२५ च्या सुमारास प्रसिद्ध केला पुण्याच्या श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनी, जे पुढे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. पाठ लावताना ज्या साधनांशी ताडून पाहणे शक्य होते त्यांत निगमबोधच्या वाड्यात १६५७ च्या उन्हाळ्यात पुरा झालेला तो फारसी अनुवादही होता.